हनुवटीचं ऑपरेशन मनासारखं झालं नाही? दुसऱ्यांदा टेबलावर जायच्या आधी हे वाचा

ऑपरेशनला दोन महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. चोपड्याला आमच्या नेहमीच्या कटिंगच्या दुकानात दाढी करायला बसलो, कटिंगवाल्याने वस्तरा हनुवटीवर आणला आणि थांबला, म्हणे भाऊ रक्त येतंय, दुखलं नाही का. मला काहीच कळलं नव्हतं, हनुवटी बधीर होती ना. मग तुरटी फिरवता फिरवता आरशात बघून सहज बोलून गेला, "उजवीकडून जरा वर गेल्यासारखी वाटते हो." झालं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक युरियाचा भाव विचारायचं आणि मी मोबाईलच्या काळ्या स्क्रीनमध्ये हनुवटी बघत बसायचो, असे पुढचे कितीतरी दिवस गेले.

मी डॉक्टर नाही, कृषी केंद्र चालवतो. मोठ्या शहरात जाऊन सिलिकॉनचं चिन इम्प्लांट, म्हणजे हनुवटीच्या हाडावर ठेवायचा तुकडा, बसवून घेतलं होतं, तोंडाच्या आतून. ते वाकडं बसलं. रिव्हिजन, म्हणजे बिघडलेलं दुरुस्त करायचं दुसरं ऑपरेशन, करायचं की नाही हे ठरवायला मला चौदा महिने लागले आणि त्यातले निम्मे तरी उगाच गेले, कारण काय आधी करायचं न काय नंतर हे सांगणारं कोणी नव्हतं. आपल्याकडे गुडघा बदललेले शंभर माणसं सापडतील, हनुवटी बदललेला एक सापडला तरी तो कबूल करणार नाही. म्हणून लिहितोय.

१. ही लक्षणं असतील तर वाचत बसू नका, डॉक्टरला फोन लावा

खाली मी सगळीकडे "थांबा, थांबा" म्हणणार आहे, पण काही गोष्टींना थांबायचं नसतं:

- पू येतोय, ताप आहे, किंवा उतरलेली सूज एकदम परत वाढली, लाल झाली, गरम लागते
- आतले टाके उघडलेत आणि जिभेला काहीतरी गुळगुळीत लागतंय (ते इम्प्लांट असू शकतं)
- जिभेखाली सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास. हे तर सरळ इमर्जन्सी, जवळचं जे हॉस्पिटल असेल तिथे, शहरातल्या सर्जनची वाट बघू नका
- फिलर (ऑपरेशनऐवजी हनुवटीत टोचून भरतात ते) घेतल्यावर कातडी पांढरी पडली किंवा निळसर जाळी दिसतेय आणि सहन न होण्याइतकं दुखतंय. फिलर रक्तवाहिनीत गेलं असेल तर तासातासाला फरक पडतो
- हाड कापून केलेलं ऑपरेशन आहे आणि चावताना हनुवटीत काहीतरी हलल्यासारखं, कटकट वाजल्यासारखं वाटतंय. हाड धरून ठेवणारी प्लेट सैल झालेली एक्स-रेत लवकर दिसली तर डॉक्टर हाड जुळायच्या आत हात घालतात, नंतर ते काम मोठं होतं

यातलं काही नसेल, फक्त "दिसायला बरोबर नाही" एवढंच असेल, तर तुमच्याकडे वेळ आहे. भरपूर आहे.

२. कॅलेंडर काढा

पहिल्या महिन्यात आरशात जे दिसतं त्यात तुमची हनुवटी कमी आणि सूज जास्त असते. मोठी सूज पहिल्या काही आठवड्यात उतरते, उरलेली थोडी थोडी करत सहा महिने, कधी वर्षभर घेते, आणि दोन्ही बाजूंची सूज एकसारखी उतरेल असं नसतं. एक बाजू आधी, एक नंतर. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात वाकडं दिसणारं पाचव्या महिन्यात सरळ होऊ शकतं. (माझं झालं नाही, पण होतं.)

बधीरपणाचंही तसंच. खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी नस जबड्याच्या हाडातल्या एका छिद्रातून बाहेर येते, साधारण खालच्या उपदाढांच्या खाली, दोन्ही बाजूंना एकेक. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते. परत यायला आठवडे लागतात, महिने लागतात, काहींना वर्ष. मला तिसऱ्या महिन्यात मुंग्या यायला लागल्या आणि मी घाबरलो, डॉक्टर म्हणाले अहो चांगलं लक्षण आहे, नस जागी होतेय. तोपर्यंत चहा पिताना हनुवटीवरून ओघळ यायचा न मला पत्ता नसायचा, बायको समोरून खूण करायची आणि मी रुमाल लावायचो. तिची ती खूण अजून सुटली नाही, हनुवटी कोरडी असली तरी करते.

तर सहा महिन्यांच्या आत दिसण्यासाठी म्हणून दुसरं ऑपरेशन ठरवू नका, वर्ष काढता आलं तर उत्तम. कोणी तुम्हाला पाचव्या-सहाव्या आठवड्यात "या, लगेच बदलून देतो" म्हणत असेल आणि वरच्या यादीतलं काही नसेल, तर त्याला आधी "घाई का" ते विचारा.

३. काय बिघडलंय त्याला नाव द्या

"आवडलं नाही" हे निदान नाही. मी सहा महिने तेवढंच म्हणत होतो आणि प्रत्येक डॉक्टर त्यातून आपापल्या सोयीचा अर्थ काढत होता. तक्रार कुठल्या खणात बसते ते आधी बघा, कारण प्रत्येकाचा इलाज वेगळा आणि काहींना इलाजच नाही.

जागा चुकली असेल: इम्प्लांट तिरपं, फिरलेलं, किंवा वर सरकलेलं. बोट फिरवलं तर एका बाजूला त्याची कड लागते. माझं हे होतं. आत केलेली पोकळी मोठी, इम्प्लांट स्क्रूने पकडलेलं नाही, उजवा पंख वर गेला.

माप चुकलं असेल: जास्तच पुढे आली, किंवा एवढं करून फरकच नाही. लक्षात घ्या, इम्प्लांट मुख्यतः पुढे आणतं. हनुवटीची उंची कमी करायची असेल किंवा हाडच एका बाजूला झुकलेलं असेल तर इम्प्लांट बदलून काही होत नाही, त्याला जिनिओप्लास्टी लागते, म्हणजे दातांच्या मुळांखाली हाड आडवं कापायचं, पाहिजे तिकडे सरकवायचं आणि टायटॅनियमच्या प्लेट-स्क्रूने बसवायचं. पुढे, मागे, वर, खाली, बाजूला, सगळीकडे सरकतं ते.

स्नायू: ओठ मिटताना हनुवटीवर खड्डे पडतात, वाळलेल्या लिंबासारखी दिसते, किंवा खालचा ओठ खाली ओढला जाऊन खालचे दात दिसतात, किंवा हनुवटीचं मांस खाली लोंबतं. तोंडाच्या आतून ऑपरेशन करताना तिथला स्नायू सोडवतात, तो परत नीट शिवला गेला नाही तर असं होतं. इथे हाड-इम्प्लांट बरोबर असूनही चेहरा बिघडलेला दिसतो, आणि इम्प्लांट बदलून हे जात नाही, स्नायू परत जागेवर बांधावा लागतो.

हाडाची झीज: इम्प्लांटच्या खालचं हाड थोडं दबतं. बऱ्याच जणांच्या एक्स-रेत ते दिसतं, दिसलं म्हणून लगेच काढा असं नसतं. पण इम्प्लांट वर बसलंय आणि झीज दातांच्या मुळांकडे चाललीय असं दिसलं तर डॉक्टर गंभीर होतात आणि तुम्हीही व्हा.

नस: वर्षानंतरही बधीरपणा आहे. खरं सांगायचं तर नुसत्या बधीरपणासाठी दिसण्याचं रिव्हिजन करून फायदा नाही, उलट दुसऱ्या वेळी नस जुन्या व्रणाच्या गाठीत अडकलेली असते, तिला धोका जास्तच. हां, इम्प्लांटची कड नसेवर दाबतेय असं स्कॅनमध्ये दिसलं तर मात्र ते काढण्याचं कारण होऊ शकतं, ते डॉक्टर बघून सांगतील.

आणि शेवटचा खण, जो कोणालाच आवडत नाही: प्रश्न मुळात हनुवटीचा नव्हताच. खालचा अख्खा जबडा मागे आहे, वरचे दात खालच्यांच्या खूप पुढे येतात, झोपेत घोरणं आहे. अशा वेळी हनुवटी कितीही पुढे आणली तरी चेहरा "बसत" नाही. ते जबड्याचं काम, ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे डॉक्टर) आणि जबड्याचे सर्जन मिळून करतात.

फक्त फिलर घेतलं असेल तर तुम्ही नशीबवान. हायल्युरॉनिक ॲसिडचं असेल तर हायल्युरोनिडेज नावाचं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं, नाहीतर ते काळाने आपोआप विरतंच. पण कुठलं फिलर दिलं ते विचारून लिहून घ्या, सगळीच विरघळत नाहीत.

४. फोटो काढा, पण सेल्फी नको

हातभर अंतरावरून सेल्फी काढली की नाक मोठं आणि हनुवटी मागे गेलेली दिसते. तो कॅमेरा फार जवळ असल्याचा दोष. मी चाळीसेक सेल्फी घेऊन डॉक्टरकडे गेलो होतो, त्यांनी एकही बघितली नाही.

दुसऱ्या कोणाला तरी दीड-दोन मीटर लांब उभं करा, कॅमेरा तुमच्या चेहऱ्याच्या उंचीवर, दोन पट झूम. भिंत साधी, उजेड समोरून. मान वर-खाली नको: कानाचं छिद्र आणि डोळ्याखालची हाडाची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. समोरून, दोन्ही बाजूंनी पूर्ण, दोन्ही बाजूंनी अर्धवळून, एक ओठ सैल सोडून, एक ओठ मिटून, एक हसून. दर महिन्याच्या एकाच तारखेला. मध्ये बघायचं नाही. माझे फोटो दुकानातल्या पोऱ्याने काढले, मागे खताच्या गोण्यांची थप्पी आहे, पण अंतर बरोबर होतं.

ऑपरेशनच्या आधीचेही फोटो शोधा. लग्नाच्या अल्बममध्ये बघितलं तेव्हा कळलं की माझी हनुवटी पहिल्यापासूनच थोडी डावीकडे होती. ते कोणी मोजलंच नव्हतं. मीही नाही.

५. कागद गोळा करा (हे सगळ्यात आधी केलं असतं तर माझे चार महिने वाचले असते)

दुसऱ्या डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, "आत काय आहे?" मी म्हटलं सिलिकॉन. म्हणे कुठल्या कंपनीचं, कुठला साईज, स्क्रू आहे का? माझ्याकडे होती एक डिस्चार्जची पावती, त्यावर "चिन ऑगमेंटेशन" एवढे दोन शब्द.

हे का लागतं ते ऐका. सिलिकॉन गुळगुळीत असतं, शरीर त्याच्याभोवती पिशवी बनवतं, काढायला त्यामानाने सोपं. सच्छिद्र पॉलिथिलीनचं असेल तर त्याच्या छिद्रांत मांस शिरून बसतं, काढताना जीव जातो, म्हणजे सर्जनचा. आणि प्लेट-स्क्रू असतील तर प्रत्येक कंपनीच्या स्क्रूच्या डोक्याचा खाचा वेगळा, त्याला त्याचाच पेचकस लागतो. बोअरची मोटर खोलायला गेलो आणि पाना बसेना, तसं. फरक एवढाच की इथे मोटर म्हणजे तुमचा जबडा.

यादी:

- ऑपरेशन नोट्स, म्हणजे सर्जनने आत काय केलं त्याचं टिपण (डिस्चार्ज कार्ड वेगळं, हे वेगळं)
- इम्प्लांटच्या डब्यावरचं स्टिकर: कंपनी, साईज, लॉट नंबर
- सही केलेल्या संमतीपत्राची झेरॉक्स
- भूल देणाऱ्या डॉक्टरची शीट. मागच्या वेळी भुलीत काही त्रास झाला असेल तर पुढच्याला कळलं पाहिजे
- आधीचे-नंतरचे एक्स-रे, स्कॅन, हॉस्पिटलने काढलेले फोटो
- सगळी बिलं

तोंडी मागू नका. मी तीनदा फोन केला, तिन्ही वेळा "मॅडम जेवायला गेल्यात". मग साधा अर्ज लिहिला: "माझ्यावर अमुक तारखेला आपल्याकडे शस्त्रक्रिया झाली. माझ्या उपचारांची सर्व कागदपत्रं, ऑपरेशन नोट्स व इम्प्लांटच्या तपशिलासह, नियमाप्रमाणे ७२ तासांत मिळावीत ही विनंती." पोच घेतली. हा नियम डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेतच आहे, रुग्णाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं, आणि रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्ष सांभाळायचं. म्हणजे तुम्हीही तीन वर्ष झोपून राहू नका. माझे कागद आले. स्टिकर मात्र चिकटवलेलंच नव्हतं.

अर्ज करताना भांडू नका. वाईट वाटलं तरी त्याच डॉक्टरची तुम्हाला अजून एकदा गरज लागू शकते.

६. तपासण्या

अख्ख्या जबड्याचा ओपीजी आणि बाजूने काढलेला लॅटरल सेफ, हे दोन एक्स-रे जळगाव-धुळ्याला दातांच्या एक्स-रे सेंटरवर होऊन जातात, त्यासाठी मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. कोन बीम सीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) डॉक्टरने सांगितला तरच करा. काढलाच तर नुसती फिल्म घेऊन येऊ नका, डायकॉम फाईल सीडीत नाहीतर पेन ड्राईव्हमध्ये मागा, कारण पुढचा डॉक्टर कॉम्प्युटरवर फिरवून फिरवून मोजणार असतो. सिलिकॉन साध्या एक्स-रेत अंधुकच दिसतं, त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्यावर समाधान मानू नका.

शुगर तपासा. आणि तंबाखू. आपल्याकडे तळहातावर चोळलेली चिमूट जिथे ठेवतात, खालच्या ओठाच्या आत, बरोबर तिथेच टाके असतात भाऊ. ऑपरेशनच्या आधी निदान महिनाभर आणि नंतर महिनाभर पूर्ण बंद, विडी-सिगारेटही. गुटख्याने तोंड कमी उघडत असेल तर तेही आधीच सांगा, भुलीची नळी घालायला अडचण येते आणि हे टेबलावर कळण्यात मजा नाही.

७. कोणाला दाखवायचं आणि काय विचारायचं

दोन प्रकारचे सर्जन हे काम करतात: प्लास्टिक सर्जन (एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी) आणि तोंड-जबड्याचे सर्जन (एमडीएस, ओरल ॲण्ड मॅक्सिलोफेशियल). हाड कापायचं असेल तर जबड्याचं काम नेहमी करणारा माणूस बघा, मग पाटी कुठलीही असो. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" ही सर्जनची पदवी नाही. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, एमडीएसची डेंटल कौन्सिलकडे, नंबर मागितला तर राग येणारा डॉक्टर सोडून द्या.

निदान तीन मतं घ्या. माझी तीन अशी आली:

पहिला, म्हणजे ज्यांनी केलं तेच: "वर्ष जाऊ द्या, वाटलं तर माझी फी न घेता परत करून देतो." तेव्हा मला ही टोलवाटोलवी वाटली. आता वाटतं थांबायचा सल्ला बरोबर होता, पण नेमकं काय चुकलं हे त्यांनी एकदाही तोंडाने सांगितलं नाही.

दुसरा: पाच मिनिटं बघितलं, मोठा साईज टाकू म्हणाले, बाहेर काउन्सेलर मॅडमनी महिनाअखेरपर्यंतचं डिस्काउंट सांगितलं. मी खुश होऊन ॲडव्हान्स भरून आलो. मग रात्री लक्षात आलं की त्यांनी माझ्या तोंडाच्या आत बोटसुद्धा घातलं नव्हतं. तारीख रद्द केली, ॲडव्हान्सचे अर्धेच परत मिळाले.

तिसऱ्या मॅडम जबड्याच्या सर्जन. पाऊण तास. ओठ मिटायला लावले, हसायला लावलं, कापसाच्या टोकाने कुठे कळतं कुठे नाही त्याचा नकाशाच काढला, लॅटरल सेफवर पट्टी ठेवून हाड कुठे दबलंय ते दाखवलं. मग म्हणाल्या तीन रस्ते आहेत: तसंच ठेवा, नुसतं काढा, किंवा काढून हाड सरकवा. "तसंच ठेवा" हा रस्ता आहे हे मला तोपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं.

विचारायचे प्रश्न लिहून न्या, तिथे गेल्यावर आपण "हो डॉक्टर, हो डॉक्टर" करत बसतो:

- माझ्यात नक्की काय चुकलंय, मला स्कॅनवर दाखवा
- काहीच केलं नाही तर पाच वर्षांनी काय होईल?
- नुसतं काढलं तर मांस सैल पडेल का, स्नायू कसा बांधणार? (काढून रिकामी जागा सोडली की हनुवटी लोंबू शकते, "काढलं की पहिल्यासारखं" असं होत नाही)
- नस कायमची बधीर व्हायची शक्यता माझ्यात किती, पहिल्यापेक्षा जास्त का?
- आत उघडल्यावर वेगळं काही निघालं तर काय कराल? त्याची संमती आत्ताच वेगळी लिहून घ्या. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये समिरा कोहली खटल्यात सांगितलंय की एका प्रक्रियेची संमती म्हणजे दुसरीचीही, असं होत नाही, जिवावर बेतलं असेल तर गोष्ट वेगळी
- तुम्ही दुसऱ्याचं बिघडलेलं किती दुरुस्त केलंय?

शेवटच्या प्रश्नावर मॅडम हसल्या आणि चिडल्या नाहीत. मी तिथेच अर्धा ठरवून टाकला निर्णय.

८. डोक्यात काय चाललंय तेही तपासा

शिंदखेड्याची मावशी आली होती, बघून म्हणाली, "कशाले कयं वं माय हाई? चांगला तर व्हता." माझी आई गप्प. मला राग आला, पण रात्री विचार केला की मावशीला वाकडेपणा दिसलाच नव्हता. तिला फक्त मी उदास दिसलो.

वहीत आठवडाभर लिहा, दिवसातून किती वेळा आरसा बघितला, किती वेळ हनुवटीचा विचार केला, कुठे जायचं टाळलं. माझा आकडा लाज वाटण्यासारखा होता, भाच्याच्या साखरपुड्यालाही गेलो नव्हतो. रोजचे तास त्यात जात असतील, समोरच्याला न दिसणारी गोष्ट तुम्हाला डोंगराएवढी दिसत असेल, एक नीट झालं की दुसरं खुपायला लागत असेल, तर आधी मानसोपचार तज्ज्ञाला भेटा. या आजाराला नाव आहे (बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर), इलाज आहे, आणि त्यात ऑपरेशनने समाधान क्वचितच होतं. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी तीन वेळा बोललो. तिथल्या ताईंनी विचारलं, "हनुवटी सरळ झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करणार?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. दोन महिन्यांनी आलं: दुकानात मास्क न लावता बसणार. एवढं साधं उत्तर असेल तर ऑपरेशन पेलेल असं मला वाटलं.

९. पैसा आणि तक्रार

आरोग्य विम्यात दिसण्यासाठीचं ऑपरेशन सहसा बसत नाही, ते ठरलेल्या अपवादांत येतं. अपघात वगैरे कारण असेल तर पॉलिसी नीट वाचा. कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के जीएसटी लागतो, जन्मतःचा दोष किंवा इजा दुरुस्त करायची असेल तर सूट असते. कोटेशन मागताना "टॅक्स धरून का" हे विचारा, मला ऐनवेळी कळलं. भूल, ओटी, प्लेट-स्क्रू, रूम, औषधं, प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून मागा. आणि पहिल्या डॉक्टरचं "फुकट करून देतो" म्हणजे त्यांची फी फुकट असते, हॉस्पिटल आणि भुलीचं बिल तुमचंच.

तक्रार करायची असेल तर १९९५ पासून डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्ष, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण निकाल मनासारखा नाही म्हणजे निष्काळजीपणा झाला असं कोर्ट धरत नाही, दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत लागतं. रिव्हिजन केलं की जुना पुरावा निघून जातो, म्हणून आधीचे स्कॅन-फोटो पक्के करा आणि काढलेलं इम्प्लांट परत मागा. मी तक्रार केली नाही. इम्प्लांट मात्र मागून आणलं, डबीत आहे, कपाटात.

१०. ठरलंच तर तारीख कशी काढायची

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास नको. घर पाहुण्यांनी भरलेलं, ४४-४५ डिग्री ऊन, त्यात हनुवटीला पट्टा बांधलेला, घामाने आत नुसती खाज. मी दिवाळीनंतर केलं, थंडीत पट्टाही बरा वाटतो न मफलरने झाकलाही जातो, कोणी विचारत नाही.

शहरात निदान आठ-दहा दिवस राहायची सोय करा. ऑपरेशन झालं आणि तिसऱ्या दिवशी एसटीने निघालो असं करू नका. पहिल्या तपासणीनंतर निघा, जळगाव किंवा अमळनेरपर्यंत रेल्वेने, आणि खालचा बर्थ. सोबत दोन उशा, डोकं उंच ठेवून झोपावं लागतं.

खाणं: दोन आठवडे शेवभाजी, ठेचा, कळण्याची भाकरी विसरा. भरताची वांगी नेमकी तेव्हाच येतात, शेजारी भाजल्याचा वास येतो, सहन करायचं. मुगाची पातळ खिचडी, गार केलेली कढी, कुस्करलेली केळी (रावेर-यावल जवळ असल्याचा एवढा तरी फायदा). दराबा मऊ म्हणून मी खाल्ला आणि त्याचा रवा टाक्यांत जाऊन बसला, अर्धा तास मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करत होतो. खाल्ल्यावर प्रत्येक वेळी गुळणी, डॉक्टरने दिलेल्या औषधाने.

मी चौदाव्या महिन्यात इम्प्लांट काढून हाड सरकवून घेतलं. आता मध्यरेषा सरळ आहे, ओठ मिटताना खड्डा थोडा पडतो, आणि उजवीकडे रुपयाच्या नाण्याएवढी जागा अजून अर्धवट बधीर आहे, ती तशीच राहील असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. तेवढ्या जागेवर वस्तरा लावू देत नाही. जाणीव पूर्ण येईपर्यंत तुम्हीही ट्रिमरच वापरा, आणि कटिंगवाल्याला खुर्चीत बसायच्या आधीच सांगा.